आजार असल्यास

तळेगाव ढमढेरे
२ मार्च २०२५

शितल,

पहिल्या दिवशी वाटलं, भांडगावात रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मोबाइल पाण्यात पडला असेल. तुझ्या हातून काय काय पडतं ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांच्या मोबाइलवरून लावला, तर लगेच लागला आणि माझा आवाज ऐकताच कट झाला. तेव्हा कळलं की तू मला ब्लॉक केलंयस. चौथीपासूनची मैत्री एका बोटानं संपवलीस. धन्य आहे बाई तुझी.

म्हणून हे पत्र. बारावीच्या पेपरानंतर आज पहिल्यांदा एवढं लिहितेय, अक्षराला हसू नकोस. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर तुझ्याआधी चौघांनी वाचलं असतं, म्हणून तुझ्या शिलाईच्या दुकानावर पाठवतेय. पाकिटावर माझं नाव मुद्दाम घातलं नाही. ते बघून तू न फोडताच चिंध्यांच्या पोत्यात टाकलं असतंस.

नीलमनं मला सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तुझी लेक माझ्याशी बोलताना रडत होती. घरचा मोबाइल तुझ्या सासूबाईंच्या, भागूआत्यांच्या हातात, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून कायम स्पीकरवर, आणि ओट्यावर शेजारच्या तिघी शेंगा फोडत बसलेल्या. तिकडून कुणी पोरगी मंजूळ आवाजात म्हणते, “शितल मॅडमच्या फिटच्या गोळ्या चालू आहेत ना? महिन्याच्या गोळ्या घरपोच देऊ, वीस टक्के सूट आहे.” आत्या म्हणाल्या, “आमच्यात कुणाला फिटबिट येत न्हाई, बाई. राँग लंबर हाय.” तर ती म्हणते, “लहानपणापासून आहे मॅडम, आमच्याकडे नोंद आहे.”

बावीस वर्षं तू सासरी जे जपलंस, ते त्या पोरीनं सूट देता देता ओट्यावर ओतलं. त्याच संध्याकाळी तुझा मला फोन आला. एकच वाक्य बोललीस, “कुणाला सांगितलंस?” मी म्हणाले, कुणालाच नाही, आईशप्पथ. तू फोन ठेवून दिलास.

मला कळतं, तू माझ्यावरच का घसरलीस. ठाऊक असणारे तिघेच होते. तुझे आईवडील गेले, राहिले मी. पण शितल, इनामगावच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तू पहिल्यांदा पडलीस, तेव्हा सगळे तुला हुंगवायला कांदा आणि चप्पल शोधत पळत होते आणि मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मास्तरांनी घरी कळवायला पाठवलं तर मी रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, ऊन लागलंय तिला. नऊ वर्षांची होते मी. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द गेलेला नाही, हे मी देवघरात बसूनही सांगेन.

मला तर त्या दौंडच्या मेडिकलवाल्याचा संशय येतो. हल्ली साधी डोकेदुखीची गोळी घेतली तरी आधी मोबाइल नंबर विचारतात. तिथूनच फुटलं असणार. मी जाऊन त्याला धारेवर धरते, तू बघच.

जेवत जा. नीलम म्हणाली, ताटावरून उठतेस.

तुझी,
सुवर्णा

ता. क. हळदीकुंकवाला तू आली नव्हतीस, तरी वडापच्या जीपनं तुझा वाणाचा डबा चौफुल्याला पाठवला होता. मिळाला ना?


१० मार्च

शितलबाई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी आपली दारात.

काल दौंडला गेले होते. ह्यांना सांगितलं, बचत गटाचं काम आहे. मेडिकलमध्ये शिरले आणि तुझ्यासारखी पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, “गिऱ्हाइकाची माहिती विकता व्हय तुम्ही? भांडगावच्या टेलरबाईचं घर मोडायची पाळी आणलीत!” ते म्हातारे काका चष्मा काढून माझ्याकडं बघतच राहिले. मग काउंटरच्या बाहेर आले, मला फ्रिजच्या आडोशाला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, “ताई, त्या बाईंनी आजवर कवा नंबर दिला न्हाई, आन् मीबी मागितला न्हाई. डॉक्टरची चिठ्ठी दाखवत्यात, गोळ्या घेत्यात, चिठ्ठी पर्समध्ये ठिवून जात्यात. मला त्यांचं गाव आत्ता तुमच्या तोंडून कळलं. आन् जरा हळू बोला, दुकानात चार माणसं हायती.”

शितल, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नाव मी घेतलं नव्हतं, पण भांडगावची टेलरबाई म्हटल्यावर नाव वेगळं कशाला लागतं? त्या चार माणसांत तुमच्याकडचं कुणी नव्हतं, मी एकेकाचं तोंड बघून घेतलं. काकांची माफी मागितली आणि लाजेपोटी चार रुपयांची गोळी घ्यायची तिथं सर्दीचं मोठं औषध घेऊन आले. घरात कुणाला सर्दी नाही.

म्हणजे तिथून फुटलेलं नाही. मग कुठून, ते मला काय माहीत.

नीलमचा परवा पुन्हा फोन आला होता. म्हणाली, भागूआत्यांनी स्कूटीची किल्ली काढून घेतली, आता दाजी तुला सकाळी दुकानावर सोडतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. विहिरीवर जायचं नाही, कढईपाशी एकटीनं उभं राहायचं नाही. आणि न्हाणीघराची कडी लावायची नाही. तू आत असलीस की आत्या दाराबाहेर पाट टाकून बसतात आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, “शितल, बरी हायस न्हवं?”

तू किती लाजाळू होतीस ते मला ठाऊक आहे. घोडनदीवर आम्ही सगळ्या पोरी पोहायचो तेव्हा तू कपडे बदलायला बाभळीमागं जायचीस, आणि मला राखण बसवायचीस. आत्यांच्या मनात काळजीच असेल, वाईट नसेल. पण कडी ती कडी.

दाजी काय म्हणतात? नीलम म्हणाली, पप्पा काहीच बोलत नाहीत. ते कधी बोलत होते म्हणा. तुझ्या लग्नात मी त्यांचा बूट लपवला होता तर बिचारे अनवाणीच निघाले होते, मागितलासुद्धा नाही.

तो डबा तुला आवडला नसेल तर परत पाठव. खरं सांगू? परतच पाठव.

सुवर्णा


२१ मार्च

शितल,

हे पत्र मी तीनदा फाडलं. ह्या वेळी फाडणार नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गटातली धुरपदा माझ्या दारात आली. तिच्या मालकांनी दारू सोडलीय, दोन वर्षं झाली, त्याचा गाजावाजा तिनं कधी केला नाही. तिला फोन आला होता, व्यसन सुटण्याचं चूर्ण घेता का म्हणून. तिच्या पाठोपाठ दुसरी आली, तिला साखरेच्या गोळ्यांचा फोन. तिसरीला तर पोरगी सव्वीस वर्षांची झाली तरी लग्न जमलं नाही, म्हणून कुठल्या स्थळांच्या कंपनीचा फोन. धुरपदा मला म्हणाली, “सुवर्णाताई, आमी तुमच्या चिठ्ठीत जे सांगितलं, तेच ही लोकं बोलत्यात. तसंच्या तसं.”

आता ऐक. माझ्या डोक्यात हे पहिल्या दिवसापासून होतं. पहिलं पत्र लिहिताना होतं, दौंडला जाताना होतं. मेडिकलवाल्याशी मी भांडले ते तो दोषी निघावा म्हणून भांडले.

संक्रांतीआधी रोहन नावाचा एक मुलगा आला होता, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा. ताई ताई करत ओट्यावर बसला, चहा घेतला. म्हणाला, तुमच्या बचत गटाच्या हळदीकुंकवाचं वाण आमच्याकडून, सगळ्यांना स्टीलचा चांगला जाड डबा, एक रुपया द्यायचा नाही, फक्त प्रत्येकीनं एक चिठ्ठी भरायची. मी अध्यक्ष, माझी कॉलर ताठ. दरवर्षी आपण प्लॅस्टिकची गाळणी नाहीतर कंगवे वाटतो, आणि ह्या वर्षी स्टील! चिठ्ठीवर नाव, नंबर, जन्मतारीख, घरात माणसं किती, मुलांची लग्नं झाली का, घरात कुणाला व्यसन आहे का, आणि खाली एक रकाना, ‘आजार असल्यास लिहा’. बायका मला सांगत गेल्या आणि मी भरत गेले. कुणी अनोळखी माणसानं विचारलं असतं तर धुरपदानं त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. पण विचारणारी मी होते.

आलेल्यांच्या चिठ्ठ्या झाल्या. न आलेल्या अकरा जणी उरल्या, त्यात दरवर्षी माझ्या बोलावण्यावरून येणारी तू. तुझी लग्नसराईची ब्लाऊजं चालू होती. रोहन म्हणाला, “चिठ्ठी नाही तर डबा नाही, ताई. आणि रकाना मोकळा राहिला तर ऑफिसात चिठ्ठी बाद होते.” आता तूच सांग, हळदीकुंकवाचं वाण कधी कुणाचं चुकवतात का? आलेली नसली तरी घरी पोचवतो आपण. मी त्या अकराही चिठ्ठ्या बसल्या बैठकीत भरून टाकल्या. कुणाला काय आहे, ते मला सगळं पाठ. त्याचाही एक तोरा असतो गं.

तुझ्या चिठ्ठीवर ‘आजार असल्यास’पाशी पेन थांबलं होतं. खोटं बोलणार नाही, थांबलं होतं. मग आठवलं, दिवाळीत तू म्हणाली होतीस, गोळ्या फार महागल्यात. वाटलं, एवढी मोठी कंपनी आजार विचारतेय ती उगाच का, फुकट औषध देत असतील, डॉक्टर पाठवत असतील. गुपचूप तुझं काम होऊन जाईल. मी लिहिलं, ‘लहानपणी फिट, आता गोळी चालू’. तुझा नवा नंबर मला पाठ नाही, तो मोबाइलमध्ये, आणि मोबाइल आत चार्जिंगला. पाठ होता तो तुमच्या घरी आलेल्या पहिल्या मोबाइलचा नंबर, वीस वर्षांपूर्वी मी सुपारीच्या पुड्यावर लिहून घेतलेला. तो लिहिला. तो आता भागूआत्यांकडं असतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. खाली तुझी सही केली. शाळेत हजेरीवर तुझी सही करायचे तशीच, ‘शि’ला मोठा वळसा देऊन.

कुणाला सांगितलं नाही म्हणाले, ते शब्दाला खरं होतं आणि बाकी सगळं खोटं होतं. शप्पथही आईची घेतली. आई असती तर लाटणं घेऊन मागं लागली असती.

मी तुला दगा दिला, शितल. प्रेमानं दिला म्हणून तो दगा नव्हता असं होत नाही.

सुवर्णा


८ एप्रिल

शितल,

तू उत्तर देशील म्हणून नाही, पण पुढं काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते. चिठ्ठी तुझीही होती.

रोहनला फोन लावला. आधी ताई ताई, मग गडी मुद्द्यावर आला. “चिठ्ठीवर खाली लिहिलंय ना, माहिती इतर कंपन्यांना देण्यास संमती आहे. खाली सही आहे.” ते लिहिलंय मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मी म्हटलं, अकरा सह्या माझ्या आहेत, त्या बायकांच्या नाहीत. तो म्हणाला, “ताई, हे मोठ्यानं बोलू नका. अडचणीत तुम्ही याल.”

मला असा संताप आला! दुसऱ्या दिवशी गाडी पकडून सरळ त्यांचं ऑफिस गाठलं. ऑफिस म्हणजे एक खोली, गार हवा, आणि आपल्या नीलमएवढ्या पोरी कानाला हेडफोन लावून बोलतायत. त्यातलीच एखादी असेल ती मंजूळ आवाजाची. जवळच्या एकीवर रागावणार होते, पण ती वडापाव खात खात बोलत होती, दुपारचे साडेतीन वाजलेले. रोहननं कोपऱ्यातलं एक पोतं दाखवलं. “घेऊन जा तुमच्या गावाच्या चिठ्ठ्या. कागदाचा काही उपयोग नाही आता. माहिती चार ठिकाणी गेली, तिथून पुढं कुठं गेली ते मलाही सांगता येणार नाही.” म्हणाला, आणि लगेच, “तुम्ही बसा ना ताई, चहा मागवतो.” मुलगा वाईट नाही गं. त्याला महिन्याला किती चिठ्ठ्या जमवायच्या त्याचा आकडा दिलेला असतो. पण चहा मी घेतला नाही.

येताना गाडीत मला आपल्या इनामगावचं टेकाड आठवलं. तिथं पुण्याच्या लोकांनी उकरून तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं बाहेर काढली, कोण काय खात होतं, कुणाचे दात किडले होते, सगळं शोधलं. लहानपणी आपल्याला त्याचं केवढं कौतुक. पण ते लोक निदान ती माणसं मरायची वाट बघून आले होते.

पाडव्यानंतर गटाची बैठक घेतली. सगळ्यांपुढं उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं, अकरा सह्यांसकट. तुझं नाव आणि तुझं काय लिहिलं होतं, ते सांगितलं नाही. चिठ्ठ्या पालथ्या धरून एकेकीला तिची तिची दिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी विचारलं, काय लिवलंय वाच की, तर मी म्हटलं, तुमच्या नातवाकडून नको, माझ्याकडूनही नको, फाडून टाका. धुरपदानं डबा माझ्या पायाशी आदळला. “स्टील चांगलं हाय, सुवर्णाताई. पर त्यात ठिवलेलं पीठ आता मला गोड लागायचं न्हाई.” तिच्यामागून बाकीच्यांनी आपापले आणून ठेवले. आता आमचा ओटा भांड्याच्या दुकानासारखा दिसतोय आणि हे येता-जाता विचारतात, किलोचा काय भाव? अध्यक्षपद मी सोडलं. त्यांनी काढायच्या आधी सोडलं एवढंच.

नीलमनं मला एक अर्ज लिहून दिला, माहिती पुसून टाका म्हणून. ज्यांनी होकार दिला त्या प्रत्येकीच्या नावानं तो कंपन्यांना पाठवला. ‘आपली विनंती मिळाली आहे’ एवढंच उत्तर येतं, यंत्रातून आल्यासारखं. धुरपदाचे फोन कमी झालेत. बंद झालेले नाहीत.

तुझ्या नावाचा अर्ज मी पाठवलेला नाही. कागद तयार आहे, पण तुझ्या नावानं आता मी तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही. भांडगावला येऊन भागूआत्यांच्या पाया पडावं, दाजींना सांगावं की लपवलं ते तिच्या वडिलांनी आणि मी, तिचा दोष नाही, असंही फार वाटतं. परवा चौफुल्यापर्यंत आलेही होते. तिथं रसवंतीवर अर्धा तास बसले आणि परत गेले. नीलमला म्हटलं, आईला विचार, येऊ का? तिनं कळवलं, “आई म्हणती, न्हाई.”

म्हणून आले नाही.

तुझी चिठ्ठी माझ्याकडं नाही. पोत्यातून काढली आणि तिथंच, त्या मुलाच्या समोर, बारीक बारीक फाडली. आता वाटतं, तीही तुला विचारून फाडायला हवी होती.

सुवर्णा


२४ एप्रिल

शितल,

हे शेवटचं. ह्यानंतर मी तुला त्रास देणार नाही.

सारखा एकच विचार येतो. तुझं सगळ्यांत नाजूक ते चौतीस वर्षं माझ्याकडं होतं. माझं तुझ्याकडं काय होतं? काहीच नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माझं सासूशी भांडण, माझं वजन, माझा दहावीचा गणिताचा मार्क, सगळं गावाला ठाऊक. तुलाही असंच वाटतं की ह्या बाईकडं झाकलेलं काही नाहीच.

एक आहे. ह्यांना ठाऊक नाही, माझ्या आईला ठाऊक नव्हतं. ते मी दुसऱ्या पानावर लिहिलंय. पान घडी घालून चारी बाजूंनी दोऱ्यानं शिवलंय, मध्येच कुणाच्या हाती लागलं तर कळावं म्हणून. तू टेलर, तुला उसवायला कितीसा वेळ.

वाच. मग त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. भांडगावच्या स्टँडवर उभी राहून मोठ्यानं वाचलंस तरी मी हूं की चूं करणार नाही. तुझं उघडं पडलं आणि माझं झाकलेलं राहिलं, हे मला सहन होत नाही.

मला तुझी फार आठवण येते. भाजी चिरताना येते, टीव्ही बघताना येते, कुणाच्या ब्लाऊजची बाही वाकडी दिसली की येते. तू नाहीस तर मी बोलू कुणाशी?

सुवर्णा


भांडगाव
५ मे २०२५

सुवर्णा,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पाकिटावर नाव न घालून काय उपयोग, पत्ताच तुझ्या अक्षरात. पहिलं तीन दिवस न फोडता मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. तिसरं वाचलं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

राग गेलेला नाही. चिठ्ठीत लिहिलंस त्याहून सही केलीस त्याचा जास्त आहे. तू दुसऱ्याचं करायला निघालीस की त्याला विचारायचं राहून जातं, ही तुझी शाळेपासूनची खोड. तरी चौफुल्यावरून परत गेलीस हे वाचून बरं वाटलं. आली असतीस तर दारातून हाकलली असती. कंपनीचा अर्ज नीलमकडं दे, मी वाचीन आणि माझी सही मी करीन.

घरचं सांगते. मागच्या आठवड्यात मी अंघोळीला गेले आणि कडी लावली. आत्या बाहेरून दार वाजवायला लागल्या. मी आतून म्हणाले, “आत्या, शेवटची फिट येऊन चोवीस वर्षं झाली. पडले तर दार फोडा. पर त्याआधी उघडायचं न्हाई.” मग ह्यांचा आवाज आला, “आई, ऊठ तिथनं. मला ठाऊक हाय.”

आत्या म्हणाल्या, “काय ठाऊक हाय?”

“गोळ्यांचं. साईच्या बाळंतपणापासनं. पिशवीत घावल्या व्हत्या.”

“आन् इतकी वर्सं बोलला न्हाईस?”

“तिनं सांगितलं न्हाई म्हंजी तिला सांगायचं नव्हतं. मी कशाला इचारू?”

मी आत अंगावर पाणी घेत होते, सुवर्णा, आणि रडत होते. साई आता सोळा वर्षांचा आहे. म्हणजे सोळा वर्षं ह्या माणसानं पिशवी होती तिथं ठेवली आणि मला कधी कळूही दिलं नाही. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, “हळू चालीव.” ओट्यावरच्या तिघी अजून माझ्याकडं बघतात. त्यांना बघू दे, त्यांचीही ब्लाऊजं माझ्याकडंच असतात.

रविवारी दुकान बंद असतं. स्कूटीनं तळेगावला येते. फार बोलू नकोस, मी भांडणार आहे.

आता तुझ्या दुसऱ्या पानाचं. टाके बघून हसायला आलं. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहूनही तुला धावदोरा घालता येत नाही. कात्री हाताशी होती. पान मशीनवर ठेवून मी बराच वेळ समोर बसले. वाचावंसं फार वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तसंच घरी आणलं, पाणी तापवायच्या चुलीत घातलं आणि पुरतं जळेपर्यंत तिथून हलले नाही. टाका एकही उसवलेला नाही. त्यात काय होतं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तसंच राहू दे.

शितल